तात्पुरता नंबर

डिझाइनचं शिक्षण संपायच्या आतच तिला एका स्टुडिओत काम मिळालं आणि तिचं पहिलंवहिलं पोस्टर शहरभर झळकलं. ‘मन जड झालंय? बोला, आम्ही ऐकतोय.’ खाली ठळक आकड्यांत हेल्पलाइनचा नंबर.

बसस्टॉपवरचं पोस्टर कौतुकाने न्याहाळताना तिची नजर त्या नंबरवर थबकली. हेल्पलाइन चालवणाऱ्या संस्थेचा नंबर यायचा होता, तोवर जागा भरायला तिने पाठ असलेला एकमेव नंबर टाकला होता. आईचा. तो बदलायचा राहूनच गेला होता.

तिने आईला फोन लावला. बिझी. पुन्हा लावला, तरी बिझी. नोकरी तर आता गेलीच, पण दिवसभर घरात एकटी असणाऱ्या भोळ्या आईला कोण कोण काय काय ऐकवत असेल? ती तशीच धावत घरी आली. किल्लीने दार उघडून आत शिरली.

स्वयंपाकघरात गॅसवरचा चहा आटून भांडं करपलं होतं. आई स्टुलावर बसली होती, फोन कानाला, डोळे लाल.

“आई, माझी चूक झाली गं. कोणी काही बोललं का तुला? मी आत्ताच्या आत्ता सरांना सांगून सगळी पोस्टरं काढायला लावते.”

आईने फोनवर हात ठेवला.



“नको काढूस. मघाशी मलाच रडू आलं, तर हा म्हणाला, ‘बोला काकू, मी ऐकतोय.’”