ब्याण्णव अंश

“ब्याण्णव,” वाकवलेल्या गुडघ्याला लावलेलं माप वाचून फिजिओथेरपिस्ट प्रियंका म्हणाली.

खाटेवर पडलेला नाथाजी सुतार हसला नाही. नव्वद ओलांडले म्हणजे सुटका. नव्वदच्या आत राहिला, तर उद्या साताऱ्याहून सांगलीला. तिथले डॉक्टर भूल देऊन गुडघा वाकवणार. आता चुकवलं तर गुडघा जन्मभर असाच अडकेल, हेही त्यांनी बजावलं होतं. पण धाकटा भाऊ केरबा भूल दिल्यावर पुन्हा उठलाच नव्हता.

मिस्त्रीकाका, नव्वद पार केलं तरी तोंड असं का, असं प्रियंकाने विचारलं. हातातलं पोलादी कोनमापक उघडून मिटून दाखवलं. मागच्या मंगळवारी त्याने स्क्रू आवळून दिल्यापासून कसं गच्च धरतंय, म्हणाली.

तो उठला. हत्यारांची पिशवी घेतली. दारापर्यंत गेला. परत येऊन बाहेरच्या बाकावर बसला.

चपला काढल्या.

घातल्या.

आत वाईची बनाबाई. तिचाही गुडघा, तिलाही उद्याचीच सांगली.

“एक्याण्णव.”

बनाबाई हसत बाहेर आली. सांगली टळली, आता लेकाला सांगते रजा काढू नको, असं बाकावरच्या सगळ्यांना ऐकवत सुटली. नाथाजीला म्हणाली, आवं सुतार, पास झाल्यावर पेढं वाटत्यात, रडत न्हाईत.

दारात एकच पायरी. तिने पाय वाकवला. मध्येच अडला. मग भिंत धरून ती आडवी उतरली.

नाथाजीने चाळीस वर्षं काटकोन बघितले होते. हा काटकोन नव्हता.

तो लंगडत आत गेला. पिशवीतला काटकोन तपासायचा लोखंडी गुण्या काढून टेबलावर ठेवला. याच्या कोनात तुमचं माप बसवा, म्हणाला. प्रियंकाला गंमत वाटली. तिने बसवलं.

शहाण्णव.

पुन्हा बसवलं.

शहाण्णव.

मग ती मनात सहा-सहा वजा करत गेली. याचे शहाऐंशी. बनाबाईचे पंच्याऐंशी. तिचा चेहरा उतरला.

“काका, हे कधी बिघडलं?”

“आदी त्या म्हातारीला हाक मारा, येष्टी धरंल ती,” नाथाजी म्हणाला. गुण्यावरचा हात त्याने काढला नाही. “बिघडलं न्हाई, बाई. मंगळवारी स्क्रू आवळताना काटा म्याच वाकवला.”