बेरिंगचा आवाज

घोडेगावजवळच्या रानातनं गुरांसाठी उसाचं वाढं भरून निघालो, तर मागं पेंढ्यांवर बसलेली माझी बायको साळुबाई वरडली, "अवो, थांबा की! गाडीत कायतरी घुरघुरतंय."

पिकप माझी लई जुनी. "बेरिंग गेलं असंल," म्हणत मी इंजन बंद केलं आन् गाडीखाली शिरलो. पाय तेवढं भाईर, उभ्या उसाच्या कडंला.

"आता येतोय का गं आवाज?"

"येतोय की. तुमचं बेरिंग लईच गुणाचं, बंद गाडीत बी वाजतंय." मग तिनं एक पेंढी उचलली आन् खाली वाकून बघितलं. हळूच म्हणाली, "बिबट्याचं पिल्लू हाय. मांजराएवढं."

तेवढ्यात पिल्लू केकाटलं.

आन् माझ्या पायापाशी, उसातनं, त्याला उत्तर आलं.