रविवारची चिठ्ठी

नवऱ्याचा, क्लिफचा, सरकारी भत्ता खात्यात पडला रे पडला की बँक आधी आपले चार्जेस कापून घ्यायची, आणि त्याच्या श्वासाच्या यंत्रासाठी विजेच्या प्रीपेड मीटरमध्ये भरायला काही उरायचं नाही. आमच्या मिडल्सब्रो शहरातल्या मोफत सल्ला केंद्रातली नोरीन म्हणाली, “पैसे जमा व्हायच्या आत दर वेळी बँकेला लिहून दे, की हे पैसे क्लिफच्या विजेचे आहेत. मग मेल्यांना त्यातली एक पेनीसुद्धा कापता येत नाही.” टपालाच्या तिकिटाला पैसे कोण घालवणार? दर रविवारी चर्चमधून येताना मी चिठ्ठी शाखेच्या दारातल्या पत्रं टाकायच्या पितळी फटीतून आत सरकवू लागले. तेव्हापासून भत्ता पुरा येतोय. परवा नोरीनला केक नेऊन दिला, तेव्हा सगळं सांगितलं. तिचा चहाचा मग ओठांशीच थांबला. “अगं, ती शाखा कधीच बंद झाली! आत खुर्चीसुद्धा नाही. तुला कळलं कसं नाही?” “रविवारी बँक बंदच असते ना गं,” मी म्हणाले. चिठ्ठी आतून हलकेच ओढून कोण घेतं, हे मी तिला विचारलं नाही. चिठ्ठी सरकवणारी माझ्या उजव्या हाताची बोटं हीटरवर धरली तरी गारच राहतात, आणि आता तर त्यांना सुई टोचलेलीही कळत नाही, हेही बोलले नाही. आज पुन्हा रविवार आहे. क्लिफ झोपलाय, यंत्र त्याच्या उशाशी सुस्कारे टाकतंय. चिठ्ठी मी डाव्या हाताने लिहिली. सरकवायलाही आता तोच उरलाय.