निर्ण्यातलं भजन

मृदंगावरची शाई कुठंच झिजलेली नव्हती. रोज वाजणाऱ्या मृदंगाची शाई बोटं पडतात तिथं आधी फिकी होते, मग तिला बारीक भेगा जातात. हा मृदंग चार वर्षांचा होता आणि त्याची शाई कालच भरल्यासारखी गुळगुळीत होती. नरहरराव मास्तरांना हे आज पहिल्यांदाच दिसलं, कारण समोर बसलेला माणूस मघापासून मृदंगाकडंच पाहत होता.

"बहोत खूब," तो माणूस म्हणाला. "अजून एक होऊ द्या."

खोलीत कुणी कुणाकडं पाहीना.

निर्णा गावातल्या धोंडप्पाच्या दुकानामागची ही खोली. तिला दार एकच, आणि त्या दारातच समोरचे हे पाहुणे मांडी घालून बसलेले. भिंतीला सरकीची पोती आढ्यापर्यंत रचलेली. पोत्यांच्या मागं पुस्तकं. गावातली वाचणारी मंडळी दुपारी इथं येऊन वाचत बसत. संस्थानात परवानगीशिवाय वाचनालय चालवणं हा गुन्हा होता, म्हणून बाहेरच्यांसाठी हे भजनी मंडळ होतं. वेशीपाशी सरकारी माणूस दिसला की पुस्तकं पोत्यांमागं जात आणि टाळ बाहेर येत. पोलिसांचे अमीनसाहेब दारातून डोकावत, एखादं कडवं ऐकत आणि निघून जात. तिसऱ्या कडव्यापर्यंत ते कधी थांबलेच नव्हते. त्यामुळं मंडळाला एकच अभंग येत होता, आणि त्याचीही पहिली दोनच कडवी.

आज अंमलदाराची रुमी टोपी आणि मागं पट्टेवाला दिसला, एवढ्यावरच भजन सुरू झालं. कोण, कुठले, हे विचारायला कुणी थांबलं नाही. पाहुण्यांनीही जोडे काढले आणि बसून घेतलं. तीच दोन कडवी आता फिरून फिरून चालली होती. पुढं गाणाऱ्या अंबाजीचा आवाज बसला होता.

"मास्तर, दुसरं काय येतंय का कुणाला?" अंबाजी टाळाच्या आडून कुजबुजला.

"मला लेकराला निजवायचं गाणं येतंय," धोंडप्पा म्हणाला. "कानडीतलं हाय. चालंल का?"

"गप बस की. आधीच घाम फुटायलाय."

नरहरराव हसले नाहीत. ते सरकारी शाळेत मास्तर होते. हे वाचनालय त्यांनीच उभं केलं होतं, आणि चार वर्षं दर दसऱ्याला मंडळी त्यांना एकच विचारत, "परवानगीचा अर्ज कवा करायचा?" ते म्हणत, "यंदा नको. दिवस बरे नाहीत." अर्ज करायचा म्हणजे आधी कबूल करायचं, की वाचनालय आहे. शेजारच्या गावात एकानं तसा अर्ज केला होता. परवानगी आली नाही, कुलूप आलं, आणि अर्ज करणाऱ्याची नोकरी गेली. घरात पत्नी जानकीबाई विचारायच्या, "असं भीत भीत किती दिवस वाचायचं वो?" यावर मास्तर कंदिलाची वात सारखी करत बसायचे.

मृदंग पुन्हा घुमला. पहिलं कडवं. दुसरं कडवं. मग पहिलं.

शेवटी पाहुण्यांनी हात वर केला.

"पुरे. तुम्ही दमलात." त्यांची मराठी स्वच्छ होती. "मी औरंगाबादचा आहे, भजन मला कळतं. या दौऱ्यात तर भरपूर ऐकलं. जनवाड्यात ऐकलं, त्याच्या पलीकडच्या गावात ऐकलं. जिथं जातो तिथं लोक गायलाच लागतात. विचारायची उसंतच मिळत नाही."

"काय विचारायचं होतं, साहेब?" मास्तरांनी विचारलं. त्यांना आपलाच आवाज लांबून आल्यासारखा वाटला.

"मी कुतुबखान्यांचा निरीक्षक. वाचनालयं बघतो. सरकारनं नवी योजना काढलीय. तालुक्याला एक मोठा कुतुबखाना, आणि मोठ्या गावांना पुस्तकांच्या पेट्या. मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू, सगळी पुस्तकं. एक पेटी वाचून झाली की दुसरी येणार. जिथं लोक आधीच वाचतायत तिथं पहिली द्यायची, असा हुकूम आहे. बाहेर छकड्यात पेटी आहे." त्यांनी टोपी नीट केली. "या गावात वाचनालय आहे का, हे विचारायला आलो होतो."

धोंडप्पा पोत्याला पाठ लावून अधिकच ताठ बसला. अंबाजी मास्तरांकडं बघत होता. हा माणूस खरं बोलतोय, की खोदून काढायला आलाय? कळायला काही मार्ग नव्हता.

"नसेल तर नसेल," साहेब उठले. "बिदरला जाऊन कळवतो. या भागात वाचणारं कुणी नाही. पेट्या दुसऱ्या जिल्ह्यात जातील. त्यांचा तरी उपयोग होईल."

ते दाराकडं वळले. जोडा शोधायला वाकले.

मास्तरांना वाटलं होतं, चार वर्षं आपण पुस्तकं लपवतोय. लपली होती ती माणसं. इतकी नीट लपली होती, की आता ती सरकारच्या हिशेबी नव्हतीच. साहेब खोटं काहीच कळवणार नव्हते. त्यांना जे दाखवलं तेवढंच ते कळवणार होते.

नरहरराव उठले. धोंडप्पानं त्यांच्या धोतराचा सोगा धरला.

"मास्तर, खाली बसा वो! कामून जीवावर उदार व्हायलाव? नोकरी जाईल!"

"सोड, धोंडप्पा."

"साहेब चाललेत की. जाऊ द्या की त्यास्नी. मग मोकळं."

बाहेर पट्टेवाल्यानं बैलांना हाक घातली. साहेबांचा एक पाय जोड्यात गेला होता.

"साहेब," नरहरराव म्हणाले, "आम्हांला कुणालाच भजन येत नाही. हे वाचनालय आहे, आणि मी त्याचा चिटणीस आहे."