टोपलीतली घार

गुरांच्या डॉक्टरांनी पंख मोडलेल्या घारीसाठी दुखणं कमी करणारं अफूचं औषध दिलं होतं. ठकुबाई थेंब पाजायला वाटी घेऊन येईपर्यंत तिच्या नवऱ्यानं, कुंडलिकनं, सगळी बाटली घशात ओतली. ओसरीवर आडव्या झालेल्या त्या देहाकडं तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. त्याला ओलांडून, तडफडणारी घार टोपलीत घालून ती पुन्हा वेल्ह्याच्या दवाखान्यात आली.

सगळं ऐकून डॉक्टर ताडकन उठले. "अहो बाई, घारीचं काय घेऊन बसलात? तुमचा नवरा तिकडं बेशुद्ध पडलाय!"

"ते रोजच पडत्यात, सायेब," ठकुबाईनं टोपली पुढं सरकवली. "ही आजच पडलीया."