बघण्याचा कार्यक्रम

"आज्जी, तू आता कॉलेजची मोठी मॅडम. विचार मला प्रश्न," म्हणत माझी नात केतकी समोर बसली. डॉक्टरकी आणि संशोधन दोन्ही एकत्र शिकवणाऱ्या कॉलेजची मुलाखत उद्यावर आली होती. "उत्तरं पाठ केल्यासारखी वाटतात, अशानं निवड होणार नाही," असं तिचे सर बोलले होते.

तिनं प्रश्नांचा कागद दिला. मी साठीत अक्षरं शिकले, एकेक जुळवत वाचते. पहिला प्रश्न संपेपर्यंत तिला जांभई आली. मग कागद ठेवला, पदर सावरला आणि मला येते ती एकच मुलाखत सुरू केली.

"बाळ, नाव काय तुझं? स्वयंपाक येतो ना?"

"आज्जी! मुलगी बघायला आलीस का?"

"मोठ्यांना उलटून बोलू नये. आमची दोन घरं आहेत. एक दवाखाना, एक प्रयोगशाळा. दोन्ही कशी सांभाळशील?"

ती हसता हसता थांबली. "दवाखान्यात एखादं पोर बरं होत नाही, ते का, हे शोधायला प्रयोगशाळेत जाईन. सापडलं की परत त्याच्या खाटेपाशी येईन."

"हे पाठ केलेलं?"

"नाही गं, आत्ता सुचलं."

"मग उद्याही असंच बोल."

महिन्याभरानं ती फोनवर ओरडली, "आज्जी, मुलगी पसंत आहे म्हणतात!"

मी म्हटलं, "त्यांना सांग, आम्हीही चौकशी करून कळवतो."