राडूचा कॉम्प्युटर

"स्वस्तातलं नको. माझ्या पोराला, राडूला, आजवर तेच देत आलो," क्रायोव्हा शहरातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात वासिलेकाका म्हणाले. "तू स्वतःसाठी कुठलं घेतलं असतंस?"

"मी? मला कुठलं परवडतंय, काका!" काउंटरवरची इलिंका हसली. पण मग प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, पंखे, सगळं तिनं स्वतःचंच असल्यासारखं निवडलं आणि हौसेनं जोडलं. पडदा उजळला तेव्हा काकांपेक्षा तीच जास्त खूश होती. "नशीबवान आहे हो तुमचा राडू!"

काकांनी पैसे चुकते केले, खिशातून मेणबत्ती काढली, पेटवून तिच्या हातात दिली आणि कॉम्प्युटर तिच्याकडे सरकवला.



"घे पोरी, राडूच्या नावानं. इथं दिलेलं वर त्याला पोचतं म्हणतात."